दोन खाचांची मूठ

धुळ्याला मिलच्या मागच्या वस्तीत भटू सोनवणे नावाची तीन माणसं होती. एक टांगेवाला, एक तालमीतला, आणि तिसरा हा खिडकीवाला. एकतीस वर्षं त्यानं एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांच्या खिडक्या बसवल्या, उतरवल्या, खडखडणाऱ्या गप्प केल्या आणि अडकलेल्या मोकळ्या केल्या. अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाला तेव्हा सत्काराचा नारळ घेऊन घरी आला आणि तिसऱ्याच दिवशी कंटाळला. मग कापडी पिशवीत पाना, पेचकस, कानस आणि ड्रिल भरून लोकांच्या घरच्या खिडक्यांकडे वळला. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या आठही खिडक्या त्यानं सगळ्यांत आधी फुकट नीट करून दिल्या आणि मग धंद्याला सुरुवात केली.

आता खिडकीची मूठ म्हणजे काय मोठी गोष्ट, असं कुणालाही वाटेल. घर बांधताना माणूस दाराला नक्षी काढतो, फरशी चार दुकानं फिरून निवडतो, आणि खिडकीची मूठ शेवटच्या दिवशी, उरलेल्या पैशात, मिस्तरी आणेल ती. पण दाराला दिवसातून चार वेळा हात लागत असेल, तर खिडकीला दहा वेळा लागतो, आणि तो हात बहुतेक घरातल्या बाईचा किंवा म्हाताऱ्या माणसाचा असतो. हे भटूला कुणी शिकवलं नव्हतं, गाड्यांत शिकला होता तो. म्हणून त्याचा एक नियम होता. कुठल्याही घरी गेला की आधी विचारायचा, "ही खिडकी रोज कोण उघडतं?" ते माणूस समोर आणा म्हणायचा, त्याला मूठ वळायला सांगायचा, सुतळीनं ती मूठ मोजायचा, आणि मगच पिशवीतला नमुना बाहेर काढायचा. शेठलोक वैतागायचे. खिडकी बसवतोय की बांगड्या भरतोय, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. भटू म्हणाला, दोन्हीला माप लागतंच की.

दुसरी त्याची खोड म्हणजे रस्त्यानं मान वर करून चालणं. आपण बसवलेल्या खिडक्या उघड्या आहेत की बंद, हे बघितल्याशिवाय त्याला पुढं जाववत नसे. पायाखाली काय आहे ते बघायचं काम त्याची बायको यशोदाबाई करायची. एकदा पारोळ्याच्या बाजारात हा माणूस वर बघत बघत थेट मिरच्यांच्या ढिगात शिरला, ते ती अजून सांगते आणि अजून तितकीच हसते.

जळगावला त्याची मुलगी दिली होती, त्यामुळं महिन्यातून दोनदा तरी फेरी व्हायची आणि तिथंही कामं मिळत गेली. त्यातलं एक घर रुपचंदशेठ या जैन व्यापाऱ्याचं. खाली कापडाचं दुकान, वर दोन मजले, बासष्ट साली बसवलेल्या लोखंडी खिडक्या. पितळी मुठी झिजून झिजून इतक्या सैल झालेल्या की वाऱ्यानं आपोआप फिरायच्या. भटू या घरी निवृत्तीनंतर तीन-चारदा येऊन गेला होता. घर चांगलं होतं, पैसा वेळेवर मिळायचा, बोलणं गोड होतं. फक्त जिन्याच्या कोनाड्यात त्याच्यासाठी एक कप ठेवलेला असायचा, कान तुटलेला. चहा त्यात वरून ओतला जायचा आणि पिऊन झाल्यावर कप विसळून त्यानं तो परत कोनाड्यात ठेवायचा. भटूनं त्यावर कधी शब्द काढला नाही. पण त्याच्या लक्षात यायचं. गरम कप कडेनं धरताना माणसाच्या लक्षात येतंच.

नव्वद सालच्या गुढीपाडव्यानंतर रुपचंदशेठनं अकराही खिडक्यांच्या मुठी बदलायचं काम दिलं. भटूनं दोन दिवसांत दहा खिडक्या आपल्या नियमानं केल्या. शेठची बायको धनकुंवर ठेंगणी, तिला स्वयंपाकघरातली मूठ गाठायला पाटावर चढावं लागायचं, तिथं त्यानं मूठ चार बोटं खाली घेतली. ती इतकी खूश झाली की तिनं त्याला वाटीभर शेव दिली. उरली अकरावी खिडकी, रुपचंदशेठच्या आई झमकूबाई यांच्या खोलीतली.

झमकूबाईंचं वय बहात्तर. बोटं संधिवातानं वाकडी झालेली, पण दिवसाचा क्रम घड्याळाला लाजवणारा. सकाळी खिडकी उघडायची, बाहेरच्या कट्ट्यावरच्या मातीच्या ताटलीत मूठभर ज्वारी टाकायची, होले आणि चिमण्या जमल्या की त्यांच्याकडे बघत बसायचं. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि खिडकी लावायची. लावायची म्हणजे कशी, तर आधी लोकरीची मऊ पुंजणी घेऊन चौकटीच्या सगळ्या कडा हलकेच झाडायच्या, एखादी मुंगी, कोळी, काही असेल त्याला बाजूला व्हायला वेळ द्यायचा, मग पल्ला हळूहळू आत ओढायचा आणि मूठ फिरवायची. याला त्या जयणा म्हणायच्या. आपल्या हातून नकळत जीव जाऊ नये म्हणून जपून वागणं. खिडकी लावायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागत, आणि घरातलं कुणी त्यांना घाई करत नसे.

भटू त्यांच्या खोलीच्या दाराशी आला तेव्हा चार वाजून गेले होते. झमकूबाई सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला बसलेल्या. पांढरं आसन, तोंडाला कापडाची मुहपत्ती, हातात माळ, समोर रेतीची घडी. वरच्या भांड्यातली रेती खालच्या भांड्यात उतरेपर्यंत अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ संसाराचा एक शब्द बोलायचा नाही, हे या घरात येणाऱ्या भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. भटूलाही होतं. रेती अजून निम्मीही उतरली नव्हती, आणि त्याची धुळ्याची गाडी सव्वापाचची. ती चुकली तर पुढची साडेसातला, मग घरी पोचायला दहा. खोटं कशाला बोला, त्याला कंटाळा आला होता.

त्यानं पिशवीतून दोन नमुने काढले. एक जुन्या पद्धतीची फिरवायची पितळी मूठ. दुसरा नवा स्प्रिंगचा खटका, पांढराशुभ्र, पल्ला ओढला की टक्कन बसणारा. म्हातारीची बोटं वाकडी, मूठ फिरवायला त्रास होत असणार, खटका म्हणजे नुसता ओढायचा. त्यानं विचार केला तो चांगलाच केला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दोन पावलं पुढं होऊन त्यानं खटका दाखवला आणि हळूच विचारलं, "काकीजी, हा बसवू?" झमकूबाईंची मान हलली. वर-खाली, एकदा. भटूनं सुतळी पिशवीतच ठेवली, वीस मिनिटांत खटका बसवला, एकदा टक्कन लावून बघितला आणि पाच वाजता स्टँडवर होता.

त्यानंतर दीड-दोन महिने जळगावला जाणं झालं नाही. वैशाखात मुलीकडं गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पेठेतून निघाला तो नेहमीसारखा मान वर करून. वैशाखातलं जळगाव काय असतं ते तिथं राहणाऱ्यालाच माहीत. सकाळी आठलाच भिंती तापायला लागतात. अख्ख्या गल्लीतल्या खिडक्या सताड उघड्या होत्या. रुपचंदशेठच्या घरच्या दहा खिडक्या उघड्या होत्या. अकरावी बंद होती.

खटका अडकला, हेच भटूच्या मनात पहिल्यांदा आलं. स्प्रिंग गंजली असेल, नाहीतर जीभ वाकली असेल. आपण बसवलेली खिडकी उघडत नाही म्हणजे आपलं नाक कापलं. तो तसाच जिना चढून वर गेला. धनकुंवरनं कोनाड्यातल्या कपात चहा ओतला आणि कौतुकानं सांगायला लागली. सासूबाईंनी चैत्रातल्या ओळीचे, म्हणजे तपाचे, नऊ दिवस आयंबिल केलं, दिवसातून एकदाच, बिनमिठाचं, बिनतेलाचं, उकडलेलं अन्न. ओळी संपली तरी त्यांनी सोडलंच नाही. आज बेचाळिसावा दिवस. समाजात सगळे नाव काढतात. फक्त परवा न्हाणीघरात चक्कर आली, डॉक्टर म्हणाले या उन्हात शरीरात मीठ नाही, हे चालणार नाही. पण त्या ऐकतात थोड्याच? खिडकीचं विचारलं तर म्हणतात वारा सोसत नाही.

भटू खोलीत गेला. आत पंखा फिरत होता आणि भट्टीतली हवा इकडून तिकडं ढकलत होता. झमकूबाई पलंगाला टेकून बसल्या होत्या, दीड महिन्यात निम्म्या झालेल्या. त्यानं नमस्कार केला, खिडकीपाशी गेला, खटका दाबला. खिडकी लोण्यासारखी उघडली. स्प्रिंग ठणठणीत होती. बाहेरच्या कट्ट्यावर मातीची ताटली पालथी पडली होती आणि तिच्यावर धुळीचा थर होता. भटू तिथंच उभा राहिला. ना गंज, ना वाकलेली जीभ, मग खिडकी बंद का, हे त्याला कळेना.

"बसा मिस्तरी," झमकूबाई म्हणाल्या, आणि सून खाली गेलेली बघून त्यांनी सांगितलं.

खटका बसवला त्याच संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी पुंजणी फिरवली आणि पल्ला हळूहळू ओढला. हळू ओढल्यावर खटका बसेना. शेवटी जोर लावावा लागला, आणि त्या शेवटच्या झटक्याला टक् झालं. सकाळी उघडली तर चौकटीत पालीचं एक लहान पिल्लू चिरडलेलं. कडा झाडून झाल्या आणि झटका बसला, त्या मधल्या एवढ्याशा वेळात ते आलं असणार. त्या दिवसापासून त्यांनी खिडकीला हात लावला नव्हता. आणि ही खिडकी जयणेनं लावता येईल तोवर आयंबिल, असं मनाशी पच्चक्खाण, म्हणजे व्रत, घेतलं होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी चैत्राची ओळी बसली होती, तिच्या निमित्तानं ते झाकून गेलं होतं.

आता पालीच्या पिल्लासाठी कुणी इतकं करतं का, असं म्हणणारे म्हणतील. म्हणोत बापडे. भटू तसं म्हणाला नाही. त्यानं विचारलं ते एवढंच, की शेठना का नाही सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं असतं.

"सांगितलं असतं तर तुमचं नाव निघालं असतं," झमकूबाई म्हणाल्या. "आणि तुमचा दोष नव्हता. तुम्ही मला विचारलं होतं. मी सामायिकात होते, मान हलवायला नको होती. पण तुम्ही लवकर जावं म्हणून हलवली. काय विचारलंत ते मी ऐकलंसुद्धा नव्हतं."

इतके दिवस तो मान हलली या एका गोष्टीवर निवांत होता. ती मान त्याला घालवून देण्यासाठी हलली होती. आणि त्यालाही ते कुठंतरी ठाऊक होतं, कारण रेती निम्मीही उतरली नसताना त्यानं विचारलं होतं. बसच्या पायी विचारलं होतं. आपण बसवलेल्या वीतभर पत्र्यापायी एक म्हातारी बेचाळीस दिवस अळणी खाते आहे आणि भट्टीत बसली आहे, आणि वर आपल्यालाच सांभाळून घेते आहे, या गोष्टीची त्याला इतकी शरम वाटली की त्यानं सरळ पिशवीत हात घालून पेचकस काढला.

झमकूबाईंनी हातानंच थांबवलं. खटका काढून टाकला तर पल्ला मोकळा राहील, वैशाखातल्या वावटळीत दिवसभर आपटेल, मग एकाच्या जागी दहा जीव जातील. म्हणणं बरोबर होतं. जुनी मूठ तर भटूनंच भंगारात घातलेली, आणि पिशवीतला तो पितळी नमुना परवाच दुसऱ्या घरी बसवून टाकलेला. शिवाय खरं सांगायचं तर ती साधी मूठही आता तिथं चालली नसती. त्या वाकड्या बोटांनी एका हातानं पल्ला धरून दुसऱ्या हातानं आखूड मूठ फिरवायची म्हणजे शेवटी झटका आलाच. इतकी वर्षं त्यांनी ते कसं केलं कोण जाणे.

"आठ दिवस द्या काकीजी," भटू म्हणाला.

त्यावर त्या म्हणाल्या, मी तुम्हाला बांधलेलं नाही, स्वतःला बांधलंय. पण त्यांनी हात पुढं केला. भटूनं सुतळी काढली आणि जे दीड महिन्यापूर्वी करायचं राहिलं होतं ते केलं. मूठ पुरती मिटतच नव्हती. अंगठा आणि बोटं यांच्यात दोन बोटांचं अंतर राहत होतं. म्हणजे बारीक मूठ नको, जाड हवी, आणि दांडा लांब हवा, म्हणजे कमी जोरात फिरेल. मुलीकडं न थांबता तो दुपारच्या गाडीनं धुळ्याला परतला.

घरी यशोदाबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली.

"तुम्ही तिले ईचारं व्हतं ना?" ती म्हणाली.

"ईचारं व्हतं," भटू म्हणाला, "पन जवाबनी वाट दखी नही."

यशोदाबाई एरवी अशा वेळी एखादा टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी तिनं फक्त ताटात भाकरी वाढली. भटूनं भाजीला मीठ कमी आहे की जास्त ते सांगितलं नाही, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं धुळ्यातली हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. सगळीकडे तोच पांढरा खटका. आता हेच चालतं मिस्तरी, फिरवायच्या मुठी कोण घेतं, असं प्रत्येक दुकानदार सांगायचा. एकानं तर कौतुकानं आणखी जोराचा खटका दाखवला, टिचकी मारली तरी बसतो म्हणाला. भटूनं तो असा खाली ठेवला जसा विंचू ठेवावा.

त्याला जे हवं होतं ते त्यानं एकदाच पाहिलं होतं, तरुणपणी, एका जुन्या सरकारी विश्रामगृहात. तिथल्या खिडक्यांच्या मुठीच्या नाकाला दोन खाचा होत्या. पहिल्या खाचेत मूठ अडकवली की पल्ला बोटभर उघडा, पण घट्ट राहायचा, आपटायचा नाही. साहेबांना झोपताना थोडी हवा लागायची, त्यासाठी ती सोय. मग मूठ पुढं फिरवली की दुसऱ्या खाचेत जाऊन पल्ला हळूहळू ओढला जायचा आणि मिटायचा. बोटभर फटीत थांबणारी खिडकी! त्या फटीतून पुंजणी फिरेल, हवा तेवढा वेळ फिरेल, आणि शेवटचं बोटभर अंतर झटक्यानं नाही, मूठ फिरेल तसं, रेतीसारखं हळू मिटेल.

विश्रामगृह केव्हाच पाडलं होतं. पण पाडलेल्या गोष्टी कुठं जातात हे वर्कशॉपातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी भंगार बाजारात, पत्र्याच्या आडोशाला, बिजागऱ्यांच्या ढिगाखाली त्याला दोन खाचांच्या तीन मुठी मिळाल्या. उकिडवं बसून त्यानं त्या पायाशी मांडल्या. दोन उजव्या पल्ल्याच्या निघाल्या, त्या चालणाऱ्या नव्हत्या, झमकूबाईंची खिडकी डावी. तिसरी डावी होती, पण तिचा दांडा निम्म्यात तुटलेला. भंगारवाला म्हणाला, तुटकी कशाला नेता, चांगल्या न्या. भटूनं तुटकीच नेली.

ओळखीच्या वेल्डरकडं बसून त्यानं तिला नवा दांडा जोडला. गाडीत उभ्या माणसानं धरायच्या दांडीचा एक तुकडा त्यानं घरी कधीचा ठेवला होता, हजारो हातांनी गुळगुळीत झालेला, तो वापरला. जाडी सुतळीशी ताडून बघितली. मग दोन दिवस नुसती कानस आणि पॉलिश पेपर. खाचेची प्रत्येक कड त्यानं अशी गोल केली की गालावरून फिरवली तरी ओरखडा येऊ नये. खरंच गालावरून फिरवून बघितली. यशोदाबाई म्हणाली, दाढी करता का काय. तिचा टोमणा परत आला म्हणून भटूला जरा बरं वाटलं.

सहाव्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघून तो साडेनऊला रुपचंदशेठच्या घरी हजर झाला. झमकूबाई नुकत्याच सामायिकाला बसल्या होत्या. रेतीची घडी आत्ताच पालथी केलेली, वरचं भांडं भरलेलं.

धनकुंवर म्हणाली, बसवून टाका मिस्तरी, त्यांना काही अडचण होणार नाही. खालून रुपचंदशेठही आले आणि म्हणाले की काम करा, आई काही बोलायची नाही.

"म्हणूनच थांबतो," भटू म्हणाला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला.

तिथून उघड्या दारातून घडी दिसत होती. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे फार नव्हेत, असं आपल्याला वाटतं. रेतीकडं बघत बसा म्हणजे कळेल. भटूनं आयुष्यात वेळापत्रकावर चालणाऱ्या गाड्यांची सेवा केलेली, त्याला नुसतं बसायची सवय नव्हती. त्यानं मूठ फडक्यानं पुसली, परत पुसली, मग फडकं घडी करून ठेवलं. खिडकी बंद असलेल्या खोलीतून गरम हवा येऊन तोंडावर बसत होती. आत झमकूबाईंची माळ सरकत होती, मधेच त्यांचा हात थांबायचा आणि डोळे क्षणभर मिटायचे. चक्कर येत असावी. उठून जावं आणि खिडकी उघडावी असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तो बसून राहिला.

शेवटचे कण उतरले. झमकूबाईंनी पाठ म्हणून सामायिक पुरं केलं, मुहपत्ती सोडली, आसन झाडून घडी केलं. मग भटू आत गेला आणि मूठ त्यांच्या हातात दिली. नीट समजावून सांगितलं, ही पहिली खाच, इथं थांबते, ही दुसरी. त्यांनी ती बोटांत धरून फिरवून बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. भटूनं विचारलं, "काकीजी, ही बसवू?" आणि थांबला. झमकूबाईंनी वेळ घेतला. मान हलवली नाही.

"बसवा," त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासात खटका उतरला, जुनी भोकं बुजली, नवी मूठ बसली. झमकूबाई उठल्या. धनकुंवर आधाराला आली, तिला त्यांनी बाजूला केलं. पल्ला आत ओढून त्यांनी मूठ पहिल्या खाचेत टेकवली. बोटभर फट राहिली आणि पल्ला हलेना. त्यांनी पुंजणी घेतली आणि फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवली. खालच्या कोपऱ्यातून एक बारीक कोळी निघाला. सगळे बघत उभे. कोळी चौकटीवर आला, तिथं अंमळ थांबला, काय विचार करत होता त्याचा त्याला माहीत, आणि भिंतीवर चढून गेला. मग झमकूबाईंनी वाकड्या बोटांनी मूठ फिरवली. खिडकी मिटली. आवाज आलाच नाही.

त्यांनी ती लगेच उघडली, पुरती, भिंतीला टेकेपर्यंत. ताटली सरळ केली आणि सुनेला ज्वारी आणायला सांगितलं. मग पलंगावर बसून त्यांनी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं, पिल्लाचं, मान हलवल्याचं, पच्चक्खाणाचं. रुपचंदशेठ ऐकता ऐकता खुर्चीत बसले. बेचाळीस आणि सहा दिवस ते आईच्या तपाचं कौतुक दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होते.

"आता पारणं," झमकूबाई म्हणाल्या. "मुगाचं पाणी कर, मीठ घालून. आणि मिस्तरींच्या हातून घेईन."

आयंबिलाचं पारणं कुणाच्या हातून घ्यायचं याला त्या लोकांत मान असतो. झमकूबाईंची थोरली मुलगी नाशिकहून त्यासाठी यायला निघणार होती. धनकुंवरनं नवऱ्याकडं बघितलं. भटू म्हणाला, माझे हात तेलाचे आहेत काकीजी. त्या म्हणाल्या, धुवा मग.

भटूनं मोरीत जाऊन साबण लावून हात तीनदा धुतले. इतके की नखांतलं पॉलिशसुद्धा निघालं. परत आला तर धनकुंवर वाटी आणि चमचा घेऊन उभी होती. तिनं ते पुढं केलं आणि त्याच्या हातात दिलं, वरून सोडलं नाही. भटूनं चमचा भरला. एक थेंबही सांडू न देता पुढं केला. झमकूबाईंनी घोट घेतला, मिठाची चव जिभेवर आली तसे डोळे मिटले, आणि हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्, मिस्तरी." माझ्या हातून झालेली चूक क्षमा करा.

"माझंही," भटू म्हणाला.

बाहेर कट्ट्यावर दोन होले येऊन बसले होते आणि ज्वारी टिपत होते. भटूनं पिशवी आवरली, काढलेला खटका फडक्यात गुंडाळला आणि जिन्याकडं निघाला. मागून धनकुंवरनं चहा घेऊन जा म्हणून थांबवलं. तो सवयीनं कोनाड्यापाशी उभा राहिला. ती आतून आली, कोनाड्याकडं न बघता, आणि घरातल्या कपबश्यांतला एक कप त्याच्यापुढं धरला. भटूनं तो घ्यायच्या आधी त्याचा कान दोन बोटांत धरून जरा हलवून बघितला. घट्ट होता.